ताटाशेजारी ठेवलेले पैसे

पनवेल,
१० जानेवारी १९६१

काशिराम भाऊजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

आधी तब्येत कशी आहे ते कळवा. खोकल्यातून रक्त पडायचं थांबलं का? इंजेक्शनाच्या जागी गाठ येते म्हणालात, तिथं मिठाच्या पुरचुंडीनं शेकत जा. नर्सबाई रागावल्या तरी ऐकू नका.

इकडं आपल्या हॉटेलाचं रूप पालटलं. तुमच्या दादांनी मुंबईत कुठंसं पाहिलं आणि आल्या आल्या सुतार बोलावला. आता भिंतीशी लांब टेबल मांडलंय. त्यावर भाताचं तपेलं, कालवणाचं तपेलं, तळलेल्या मांदेली मासळीची परात, भाकऱ्यांची टोपली. दाराशी मी गल्ल्यावर बसते. माझ्याकडून कूपन घ्यायचं, ताट उचलायचं आणि हवं तेवढं आपल्या हातानं वाढून घ्यायचं. बाहेर पाटी लावलीय, 'स्वयंसेवा. आपले आपण वाढून घ्यावे. बक्षिसी देऊ नये.' सुरुवातीला लॉरीवाले पाटी वाचून पुढं जात. आता रांग लागते. पुण्याच्या एसटीचे उतारू तर खूश, गाडी सुटायच्या आत जेवून होतं.

विठूला काढलं. हे म्हणाले, वाढायचंच नाही तर वाढपी कशाला? तो पुण्याला गेला. जाताना माझ्या पाया पडला, ह्यांच्या नाही. आता उष्टी काढायला आणि भांडी घासायला एकटी ठकी. तुम्ही तिला पाहिली नाहीत, तुम्ही इस्पितळात गेल्यावर ठेवली. नेऱ्याच्या वरच्या वाडीवरची कातकरीण, नवरा काळू वीटभट्टीवर असतो. पहाटे डोंगराकडून चालत येते, पण एक दिवस उशीर नाही.

तुम्हाला एक विचारायचं होतं. पाटी वाचूनही लोक ताटाशेजारी पैसे ठेवून उठतात. पूर्वी ते विठू घ्यायचा. आता हे म्हणतात, वाढलं कुणी? त्यांचं त्यांनी. मग बक्षिसी कुणाची? गल्ल्यात टाक. मी टाकते. पण ठकी टेबल पुसताना त्या पैशांना वळसा घालून फडकं फिरवते, ते बघवत नाही. तुम्ही मुंबईत इतकी वर्षं वेटर होतात. ह्या नव्या तऱ्हेत रीत काय, ते लिहा.

सत्यवती


इस्पितळ, खाट खिडकीजवळची
१५ जानेवारी

ती. वहिनीस काशिरामचा नमस्कार.

रक्त थांबलंय. वजन थोडं वाढलंय. मीठ मिळालं नाही, स्वयंपाकी देत नाही.

दादाला म्हणावं, लहान ताटं आण. आपल्या हातानं घ्यायचं म्हटलं की माणूस भुकेनं नाही, डोळ्यांनी वाढून घेतो. अर्धं टाकून उठेल आणि तेवढा भात उकिरड्यावर जाईल.

आता रीत. आम्ही फोर्टात होतो तेव्हा गिऱ्हाईक उठेपर्यंत पैशाकडं बघायचं नाही. हातात दिले तर त्याच्यासमोर मोजायचे नाहीत. दुसऱ्याच्या टेबलावरचे घ्यायचे नाहीत; एकानं घेतले तर त्याच्याशी आम्ही कोणी बोलेना, शेवटी तो नोकरी सोडून गेला. आणि मालकानं त्या पैशांना बोट लावायचं नाही. जेवणाचा पैसा गिऱ्हाइकानं तुमच्याकडं कूपन घेतानाच दिला, तिथं हॉटेलाचा हिशेब मिटला. ताटाशेजारी ठेवतो तो निराळा.

आता दादाचं म्हणणं, वाढलं कुणी. वहिनी, वाढून त्यानं घेतलं खरं, पण उष्टं ताट तर तो तिथंच सोडून जातो. मी किती ताटं उचलली असतील. चावलेली हाडं, थुंकलेले काटे, कालवणात विझवलेली विडी. आपल्यामागं कोणीतरी येऊन हे उचलणार, हे ज्याच्या मनात येतं तो पैसे ठेवतो. ज्याच्या मनात येत नाही तो ठेवत नाही, त्याच्यावर जबरदस्ती नाही. म्हणजे ते पैसे ठकीचे. तिला सांगा, खुशाल घे. दादाला मी लिहितो.

काशिराम


पनवेल,
२ फेब्रुवारी

भाऊजी,

हे पत्र शेजारच्या रंभाकाकूंकडून टाकवते आहे. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठवा, हॉटेलात नको.

काल ठकीला पोलिसांनी नेलं. दुपारची गर्दी ओसरली होती. ती वाकून टोपल्यात खरकटं ओतत होती, तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत पैसे वाजले. ह्यांनी ऐकलं. गाठ सोडायला लावली. पुष्कळ नाणी निघाली. गेले काही दिवस गल्ला कमी भरतोय म्हणून हे आधीच धुसफुसत होते. तुम्ही म्हणालात तसंच झालंय, लोक डोंगराएवढा भात घेतात. पण ह्यांच्या डोक्यात बसलं की गल्ल्यातून कोणीतरी काढतंय. ठकीला विचारलं, कुठून आणलेस? ती म्हणाली, "माजं हाय." मग हे चौकीवर गेले आणि गल्ल्यातून चोरी झाली म्हणून फिर्याद दिली. आज सकाळी कोर्टापुढं उभी केली, पण जामीन राहायला तिला कोण मिळणार? कोठडीतच आहे.

गल्ल्यावर मी बसते म्हणून फौजदारांना माझी जबानी पाहिजे. शुक्रवारी सकाळी, म्हणजे दहा तारखेला, बोलावलंय. त्याच दिवशी तिला पुन्हा कोर्टापुढं नेणार. हे म्हणतात, फार बोलायचं नाही, ही गल्ल्याजवळ घुटमळायची एवढंच सांग.

काळू समोरच्या वडाखाली येऊन उभा राहतो. आज त्याच्याबरोबर वाडीवरचे आणखी चार-पाच जण होते. बोलत नाहीत, ओरडत नाहीत. नुसते बघतात. ह्यांनी मागच्या दाराला नवी कडी बसवून घेतली.

मला काही सुचत नाही.

सत्यवती


इस्पितळ,
४ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र आलं तसा उठून बसलो. नर्सबाईंनी ताप बघितला आणि पत्र काढून घेतलं, पण तोवर वाचून झालं होतं.

मी एकच विचारतो. मी पंधरा तारखेला लिहिलं होतं की ठकीला सांगा, घे. तुम्ही तिला सांगितलं होतं की नाही?

सांगितलं नसेल तरी ते पैसे गल्ल्यातले नव्हेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. गल्ल्याची किल्ली तुमच्या कमरेला असते. सांगितलं असेल, तर मग शुक्रवारपर्यंत थांबताय कशाला? आत्ता उठा आणि जा. कातकऱ्यांच्या माणसावर एकदा चोरीचा शिक्का बसला की पुढं गावात कोंबडी हरवली तरी पोलीस आधी त्याचंच झोपडं उचकटतात. तिला पुन्हा कोण कामाला ठेवील?

दादाला भिऊ नका. तो तापट आहे, दुष्ट नाही.

काशिराम


पनवेल,
६ फेब्रुवारी

भाऊजी,

हो, सांगितलं होतं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. ती मोरीवर ताटं घाशीत होती. मी म्हटलं, ठकी, टेबलावर लोक ठेवून जातात ते तुझे. आमचे भाऊजी मुंबईला ह्याच धंद्यात होते, ते म्हणतात. तिला खरं वाटेना. म्हणाली, "शेट मारल." मी म्हटलं, मी आहे ना. तरी दोन दिवस तिनं हात लावला नाही. मग मीच एका टेबलावरचे उचलून तिच्या हातात ठेवले.

आणि मागच्या पत्रात एक लिहिलं नाही. ह्यांनी जेव्हा विचारलं, कुठून आणलेस, तेव्हा ती "माजं हाय" म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. मी कुपनं लावत होते. मी खाली मान घालून कुपनं लावत राहिले. ती पुष्कळ वेळ बघत होती. मी मान वर केली असती तर तेवढ्यावर सगळं मिटलं असतं.

का केली नाही, म्हणाल. ह्यांचा चेहरा तुम्ही बघितला नाहीत. चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर बायको म्हणणार, पाटीवर तुम्ही लिहिलंत ते मी मोडलं. मला वाटलं, थोडं ओरडतील, तिला घालवून देतील, मग संध्याकाळी मी समजावीन. चौकीवर जातील असं वाटलं नाही. ते गेले आणि मग प्रत्येक तासाला बोलणं जास्तच कठीण होत गेलं. आता त्यांनी बाजारभर सांगितलंय की चोर धरला.

तुम्हीही दादांना लिहितो म्हणालात, ते लिहिलं नाहीत. लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. दोष देत नाही.

काल काळू आत आला. एकटाच. ह्यांनी काउंटरखालचा दांडका हाती घेतला. तो ह्यांच्याकडं बघेना. माझ्यासमोर येऊन हळूच म्हणाला, "बाय, तू पायलंस काय, तिनं पेटीत हात घातला?" मी कुपनांची चळत सारखी करत राहिले. तो थोडा थांबला आणि गेला.

हे उद्या तुम्हाला भेटायला येणार आहेत. कशाला ते सांगत नाहीत.

सत्यवती


इस्पितळ,
८ फेब्रुवारी

ती. वहिनी,

दादा येऊन गेला. मोसंबी आणली होती. बराच वेळ टोपी मांडीवर ठेवून बसला, माझ्या छातीचा फोटो डॉक्टरांकडून मागून उजेडाला धरून बघितला, त्याला त्यातलं काही कळत नाही तरी.

त्याला संशय आला आहे. म्हणाला, तुझी वहिनी रात्रीची झोपत नाही, जेवत नाही, तिच्या मनात काय हाय ते तुला ठाऊक असंल. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, फिर्याद खोटी ठरली तर फौजदार मलाच आत घालील. हॉटेल बंद पडंल. मग तुजी इंजेक्शनं कुठून आनू? धमकी म्हणून नाही हो बोलला. खरंच घाबरला होता. लहानपणी बंदरावर मी पाण्यात पडलो तेव्हा त्यानं मला केसांना धरून वर काढलं होतं, तेव्हा त्याचा असा चेहरा झाला होता.

वहिनी, शुक्रवारी तुम्ही म्हणा, माझं लक्ष नव्हतं, मला काही सांगता येत नाही. ते खोटंही नाही, पुरतं खरंही नाही. पैसे थोडे आहेत, कोर्ट दोन-चार आठवड्यांच्या कैदेवर काही करणार नाही. ती सुटून आली की आपण तिचं बघू. मागच्या पत्रात मी तावातावानं लिहिलं ते विसरा. डॉक्टर म्हणतात, आता मधेच औषध थांबलं तर पहिल्यापासून सगळं.

तुमचा,
काशिराम


पनवेल,
११ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. त्यावर नंतर बोलू. आधी काल काय झालं ते सांगते.

सकाळी हे आणि मी चौकीवर गेलो. ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. वडाखाली वाडीवरची माणसं होती, आज बायकाही. त्यांच्यातून वाट काढत जावं लागलं. कोणी अंगाला हात लावला नाही, बाजूलाही झालं नाही. ह्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

फौजदारांनी ह्यांना खुर्ची दिली, मला बाकावर बसवलं. ठकीला आणलं. तिच्या अंगावर तेच लुगडं होतं, केस सुटलेले. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

फौजदारांनी फिर्याद वाचली. गल्ल्यातून वेळोवेळी रक्कम काढून नेली. मग मला म्हणाले, "बाई, असंच घडलं ना?"

मला तुमची खाट डोळ्यांसमोर दिसत होती, खोटं सांगत नाही. तुम्ही म्हणालात ते वाक्य, माझं लक्ष नव्हतं, अगदी ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: "गल्ल्याला तिनं कधी हात लावला नाही. ते पैसे लोकांनी ताटाशेजारी ठेवलेले. तिला घे म्हणून मीच सांगितलं. ती नको म्हणत होती."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. फौजदारांनी लेखणी खाली ठेवली आणि ह्यांना विचारलं, "काय म्हात्रे?"

भाऊजी, त्या वेळी हे म्हणाले असते की बाई खोटं बोलते, तिचं डोकं ठिकाणावर नाही, तर कोणाचं ऐकलं असतं, सांगा. मी बाकाची कड धरून बसले होते. ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ती सांगतेय तसंच असंल. माजी समजूत चुकली."

फौजदार फार बोलले ह्यांना, हवालदारांदेखत. पोलिसांचा वेळ फुकट घालवता, गरिबाच्या बाईला कोठडीत बसवता. लिहून घेतलं, सही घेतली. तेवढ्यावर सोडलं. ठकीचे पैसे पुडक्यात बांधून ठेवले होते, ते तिच्या हातात देऊन अंगठा घेतला. ती बाहेर गेली. मी मागनं धावले, हाक मारली. काळूनं वळून बघितलं, तिनं नाही. सगळी मिळून नेऱ्याच्या रस्त्याला लागली.

वाटेत हे माझ्या पुढं पुढं चालत होते. घरात आल्यावर सदरा काढून खुंटीला टांगताना म्हणाले, "काशिरामचं तू बघ आता."

मी काय बघणार ते मला ठाऊक नाही. गळ्यातलं आहे, ते विकता येईल. तुमच्यावर राग नाही. तुम्ही खाटेवर घाबरलात, मी गल्ल्यावर घाबरले.

सत्यवती


इस्पितळ,
२२ फेब्रुवारी

ती. वहिनीस साष्टांग नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही कारण काय लिहावं ते कळेना. दोन-चार आठवड्यांवर काही होणार नाही असं मी लिहिलं होतं. दुसऱ्याचे आठवडे. ते वाक्य चुलीत जळलं असेल, माझ्या डोक्यातून जात नाही.

गळ्यातलं विकू नका. मी डॉक्टरांना भेटलो, फुकट वॉर्डात घ्या म्हटलं. तिथं खाटा दाटीनं आहेत, पण औषध तेच. त्यांनी नाव लिहून घेतलं.

आणि आज दुपारी पोस्टमन आला. दादाची मनीऑर्डर. दर महिन्यासारखीच. कुपनावर नेहमी तो 'तब्येतीस जपावे' असं लिहितो. आज ती जागा कोरी. एक अक्षर नाही. मी ते कुपन उलटसुलट करून बघत बसलो. शेवटी सही करून पैसे घेतले. आता कळत नाही, त्याला पत्र लिहू की गप्प बसू. तो घरात बोलतो का?

काशिराम


पनवेल,
८ मार्च

भाऊजी,

दादांना पत्र लिहा. चार ओळी लिहा, पण लिहा. मनीऑर्डरचं त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडून कळलं तेव्हा मी मोरीवर जाऊन रडून घेतलं.

घरात बोलतात, कामापुरतं. ठकी गेल्यापासून वाडीवरचं कोणी कामाला यायला तयार नाही. गावातली बाई दोन दिवस आली, उष्टी काढणार नाही म्हणून गेली. मग मीच गर्दी ओसरली की गल्ल्यावरून उठते आणि ताटं काढते. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. विझवलेल्या विडीचं तुम्ही लिहिलं होतं ते खरं आहे.

गेल्या मंगळवारी एक लॉरीवाला जेवून उठला. मी त्याचं ताट उचलत होते. त्यानं खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "हे तुमचं, बाई." ह्यांनी गल्ल्यावरून पाहिलं. ताडकन उठले, पैसे उचलले आणि त्याच्या मागं रस्त्यावर गेले. ती कामवाली नाय, मालकीण हाय, असं त्याला ओरडून सांगत होते. तो लॉरीत चढता चढता म्हणाला, मला काय माहीत, ताट त्यांनी काढलं. आणि गेला.

हे रस्त्यात ते पैसे हातात घेऊन उभे. मग आत आले. मला वाटलं आता गल्ल्यात टाकणार. माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि मागच्या दारानं बाहेर निघून गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली. कुठं ते सांगितलं नाही. दुपारी आले, पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला. मी ताट वाढलं. जेवताना खाली बघत म्हणाले, "वाडीवर गेलो होतो. ती बोलली नाय. काळूनं पानी दिलं." मी विचारलं, प्यालात? "प्यालो," म्हणाले. ते काय बोलले तिथं, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

काल बाजाराचा दिवस. मी मागच्या दारी मासे साफ करत होते. बघते तर ठकी उभी. डोक्यावर लाकडांची मोळी, विकायला आणलेली. बारीक झालीय. मी उठले, हात राखेचे, माशांचे. आत ये म्हटलं. आली नाही.

म्हणाली, "परत कुनी मला धरलं तर तू बोलशील काय, बाय?"

"बोलेन."

"कंदी?"

भाऊजी, एवढंच विचारलं तिनं. फौजदारांपुढं बोलले म्हणून मी मनात कुठंतरी स्वतःला चांगलं समजत होते. ते सगळं तिच्या त्या एका शब्दानं उतरलं. कोठडीतल्या सगळ्या रात्री त्यात होत्या. मी म्हटलं, "तिथल्या तिथं. तू माझ्याकडं बघायच्या आधी."

ती माझ्याकडं बघत राहिली, त्या दिवशी बघितलं होतं तशीच. मी मान खाली घातली नाही. हे आतून दाराशी येऊन उभे राहिले होते.

मग म्हणाली, "आज लाकडं इकाया आलेय. कामाचं मंग सांगन."

बाजार पुढं आहे, तिथं भाव बरा मिळतो. तरी तिनं मोळी आपल्याच दारात उतरवली. हे पुढं झाले आणि तिच्या डोक्यावरून ती खाली घ्यायला हात लावला.

सत्यवती